मामीचे गुरुवार

माझा मामा शिंपी. पँटी शिवण्यात त्याचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर आधी त्याची नजर कमरेकडे जायची, मग तोंडाकडे. "हा चौतीसचा होता, छत्तीसचा झाला," असं तो माझ्या कानात सांगायचा. मला दोन मुलं झाल्यावर मी त्याच्या दुकानात काज-बटणं आणि हातशिलाई करायला लागले, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे पुढचं जे सांगतेय ते ऐकीव नाही. बरंचसं माझ्या समोर घडलं.

दुकानाच्या मागेच घर. मधे एक पडदा. दर गुरुवारी जेवणं आटोपली की मामी पडदा सारून बाहेर यायची. खांद्याला पिशवी, पिशवीत साबण, कंगवा, तेलाची छोटी बाटली, नेलकटर आणि दोन-चार धुतलेले पंचे. धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक वॉर्ड होता. बरे होऊनही ज्यांना न्यायला कोणी येत नाही, किंवा जे बरे होणारच नाहीत, अशी माणसं तिथे ठेवलेली असायची. मामी त्यांची डोकी विंचरायची, नखं कापायची, अंग पुसायची, आणि बसायची. बसणं हेच जास्त.

मामा कुरकुर करायचा. "घरच्या माणसाच्या चहाचा पत्ता नाही, आणि बाई चालल्या जगाची नखं कापायला."

"चहा गाळून ठेवलाय," मामी म्हणायची. "गरम करायला काही तुमचे हात झिजत नाहीत." मग उंबऱ्याशी थांबून विचारायची, "येता का?"

"ट्रायल आहे," मामा म्हणायचा.

बावीस वर्षं दर गुरुवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मी आल्यापासून हातातल्या काजावरून मान वर न करता दोघांचे आवाज ऐकायचे. मामी कधी रागावली नाही, मामा कधी गेला नाही. दोघांचं छान चाललं होतं, हेही सांगायला हवं. भांडायचे, पण संध्याकाळी एकाच बाकावर बसून रस्ता बघायचे.

मग मामी गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. मोठ्या इस्पितळात काचेच्या खोलीत ठेवलं, आत कोणाला सोडेनात. मामा बाहेरच्या बाकावर अकरा दिवस बसला. सोबत एक पँट नेली होती, बसल्या बसल्या तळाची पट्टी घालू म्हणून. अकराव्या दिवशी ती तशीच परत आली. सुई पहिल्याच टाक्यात अडकलेली.

त्यानंतर मामाचं काय झालं ते सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. रडला फारसा नाही. कामही चालूच होतं. पण रस्त्यानं चालताना तो भिंतीकडची जागा मोकळी सोडायचा, कारण मामी नेहमी तिकडून चालायची. समोरून माणसं आली तरी तो आत सरकायचा नाही, लोकांचे धक्के खायचा. मामी कपडे वाळत घालताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. एकदा मामानं मला विचारलं, "ती चाल तुला येते का गं?" मी आठवून गुणगुणून दाखवली. त्यानं मन लावून ऐकली आणि मान हलवली. "तशी नाही. पण कशी होती ते मलाही सांगता येत नाही."

आणि एकदा कापड बेतता बेतता, वर न बघता म्हणाला, "मास्तर म्हणणारे शंभर आहेत. मामा म्हणणारी तू आहेस. 'अहो' म्हणणारं आता कोणी उरलं नाही."

अशी दोन वर्षं गेली. मग तो रविवार आला.

आम्ही ख्रिस्ती; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथे रविवारच्या मिस्सेला, प्रार्थनेला, मामा जायचा, पण प्रवचन सुरू झालं की त्याची मान छातीवर. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, जागा राहिला. फादर शेवटच्या न्यायाच्या दिवसाबद्दल बोलत होते. त्या दिवशी सगळी माणसं दोन बाजूंना उभी राहतील, म्हणाले. भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानेल्याला पाणी दिलंत का, उघड्याला कपडा, परक्याला आसरा दिलात का, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलात का, एवढंच बघितलं जाईल. ज्यांनी केलं ते उजवीकडे. ज्यांनी नाही केलं ते डावीकडे. आणि न्यायाला बसलेला राजा, म्हणजे प्रभू, सांगेल की त्या प्रत्येक माणसात मीच होतो.

त्या दिवशी मामा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात मशीनचं पायडल दोनदा मारून थांबला.

"ती उजवीकडे असणार," तो म्हणाला. "त्यात काही प्रश्नच नाही."

"कोण?"

"तुझी मामी. आणि मी?"

मला हसू आलं. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते जिथल्या तिथे विरलं.

"दोन वर्षं मी कशावर काढली?" तो म्हणाला. "एक दिवस भेट होणार आहे, यावरच ना? आणि भेट झाली, मी हाक मारणार, तेवढ्यात दोन रांगा केल्या तर?"

संध्याकाळी तो फादरकडे गेला, मला सोबत घेऊन. फादर देवळामागच्या छोट्या ऑफिसात स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. मामानं खालूनच विचारलं, "फादर, नवरा-बायकोला एकाच बाजूला उभं करतात ना?"

फादर वरूनच म्हणाले, "तिथे जोडीनं प्रवेश नाही, मास्तर." मग मामाचा चेहरा दिसला असावा. खाली उतरले, त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"आता या वयात सुरू केलं तर धरतात का?" मामानं विचारलं.

"धरतात."

"पण मी काही दया आली म्हणून करणार नाही. मला तिच्याजवळ उभं राहायचंय, म्हणून करणार. हे चालतं?"

फादरनी हातातला जुना बल्ब टेबलावर ठेवला. "तहानेला माणूस पाणी कशासाठी आणलं ते विचारत नाही, मास्तर. तुम्ही आधी पाणी न्या. बाकीचं तुमचं आणि देवाचं चालू दे."

त्या गुरुवारी मामानं एक वाजता दुकान बंद केलं. एका गिऱ्हाइकाची ट्रायल होती, त्याला शनिवारी यायला सांगितलं. मामीची पिशवी खुंटीवरून काढली. तेलाची बाटली चिकट झाली होती, ती मी धुऊन दिली. पिशवी खांद्याला लावून तो उंबऱ्याशीच थांबला, म्हणून मीही बरोबर गेले.

वॉर्ड लांबट होता. दोन्ही भिंतींना सहा-सहा खाटा, उंच खिडक्या, फिनेलचा वास आणि त्याखाली दुसरा, न जाणारा वास. मामा दारातच खिळला. मेट्रन पुढे आली. धिप्पाड बाई, आवाज मात्र लहान मुलीसारखा. तिनं पिशवी ओळखली.

"तुम्ही मास्तर?" ती म्हणाली, आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "मास्तर आलेत!"

वॉर्डात हालचाल झाली. दुसऱ्या खाटेवरची एक म्हातारी कोपरावर उठून बसली. बारा महिने पोपटी शाल पांघरायची, म्हणून तिला सगळे पोपटी आजी म्हणत. ती म्हणाली, "आलात का शेवटी? बाई म्हणायच्या, मास्तर कामात बुडालेत, पण जीव त्यांचा इथेच असतो. ही उशीची खोळ तुम्ही पाठवलेली. चार वर्षं झाली, शिवण अजून उसवली नाही."

मग एकेकानं दाखवायला सुरुवात केली. कोणाची कुबडीला बांधायची पिशवी, कोणाचं जेवताना गळ्याशी बांधायचं फडकं, कोणाच्या टाचेखालची मऊ गादी. सगळं पँटींच्या कातरणातून जोडलेलं. मामा ती कापडं ओळखत होता. कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती पँट ते त्याला आठवत होतं. दुपारी तो झोपला की मामी त्याच्या मशीनवर बसायची, आणि तो उठल्यावर ओरडायचा, "या घरात कातरणाला पाय फुटतात!"

प्रत्येक वस्तू देताना मामीनं एकच सांगितलं होतं. मास्तरांनी दिलंय.

परत येताना त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "तिनं खोटं का सांगितलं?"

"खोटं कुठे? कापड तुझंच होतं."

"कापड माझं होतं," मामा म्हणाला. "मी नव्हतो."

मला वाटलं, आता हा परत जाणार नाही. लाजेनं माणूस असा आत शिरतो की बाहेर काढणं मुश्कील. पण पुढच्या गुरुवारी एक वाजता शटर खाली आलं.

भिंतीकडच्या शेवटच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. साखरेच्या दुखण्यानं डावा पाय गुडघ्याच्या वरून काढलेला. मामी गेल्यानंतर तो वॉर्डात आला होता, त्यामुळे मास्तरांचं त्याला काही कौतुक नव्हतं. मामा नेलकटर घेऊन जवळ गेला तर त्यानं तोंड फिरवलं.

"मला नको. तुम्ही लोक आमच्या खाटेवर पाय देऊन स्वर्गात चढता. दुसरी खाट बघा."

मेट्रन काही बोलणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "खरं आहे. मी त्यासाठीच आलोय."

ड्रायव्हरनं मान वळवली.

"माझी बायको वर आहे," मामा म्हणाला. "ती चांगल्या बाजूला असणार. मी आयुष्यभर काही केलं नाही. मला फक्त तिच्या शेजारी उभं राहायचंय. देवाशपथ, दुसरं काही नाही."

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, आयानं पाठ चोळली.

"बायकोसाठी होय!" तो म्हणाला. "मग या. देवासाठी आला असतात तर हाकलून दिलं असतं." त्यानं पांघरूण बाजूला केलं आणि उजवा पाय पुढे केला. "एकच आहे. निम्म्या वेळात होईल तुमचं काम."

दवाखान्यानं त्याला पायजमा दिला होता. रिकाम्या पायाला नाडीच्या तुकड्यानं गाठ मारलेली. ती गाठ मामाला बघवेना. दयेपेक्षा तो धंद्याचा अपमान वाटला त्याला. तिसऱ्या गुरुवारी तो टेप घेऊनच गेला. नसलेल्या पायाचं माप त्यानं त्याआधी कधी घेतलं नव्हतं. राखाडी कापड निवडलं, डाव्या पायाची शिवण मांडीपाशीच गोल मिटवली, आतून मऊ अस्तर लावलं, कारण तिथली कातडी अजून दुखरी होती. मी त्या पँटचं काज केलं. मामानं ते उसवायला लावलं आणि पुन्हा करून घेतलं.

पँट घालून ड्रायव्हर चाकाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मला बाहेर न्या." व्हरांड्यात उन्हात बसून तो रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिला. दीड वर्षानं त्याच्या अंगावर स्वतःच्या मापाची पँट होती. "आता मी माणसात आलो," एवढंच म्हणाला.

मग गुरुवार पुरेनासा झाला. मामा रविवारीही जायला लागला, पुढे सोमवारीही. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "मास्तर कुठे?" "ट्रायलला गेलेत," असं मी सांगून टाकायचे.

ड्रायव्हर रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. कोणत्या घाटात ब्रेक तापतात, कोणत्या टपरीवर चहा रॉकेलसारखा लागतो. मुलीचा विषय मात्र खूप उशिरा निघाला. त्याची बायको शेवटच्या दुखण्यात असताना तो माल घेऊन लांब गेला होता. निरोप मिळूनही गाडी वळवली नाही, आधी माल उतरवला. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी तेव्हा कॉलेजात. ती त्याच्याशी बोलायची थांबली ती थांबलीच. आता दुसऱ्या शहरात शाळेत शिकवत होती. नऊ वर्षं झाली होती.

"तुमचं बरं आहे, मास्तर," तो एकदा म्हणाला. "तुमची येत नाही, कारण तिला येताच येत नाही. माझी येऊ शकते."

मामा त्या दिवशी घरी आला आणि मला कागद घ्यायला लावला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. 'मी शिंपी आहे. तुमच्या वडिलांची पँट मी शिवली. ते या दवाखान्यात आहेत. ते तुमची आठवण काढतात असं ते म्हणत नाहीत, पण काढतात.' पत्ता ड्रायव्हरकडे होता, जुना. उत्तर आलं नाही. मग दुसरं लिहिलं, मग तिसरं. पत्रांबद्दल ड्रायव्हर एक शब्द विचारायचा नाही. फक्त मामा गेला की दर वेळी म्हणायचा, "हल्ली टपाल लवकर येतं का हो?"

पुढे त्याची किडनी हात टेकायला लागली. पाणी मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवर टेकवायचा. वाडग्यातलं पाणी ड्रायव्हर डोळ्यांनीच प्यायचा.

"मास्तर," एका दुपारी तो म्हणाला, "त्या तुमच्या दिवशी माझं काय? लहानपणी माझ्याही डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलंय फादरनं. पण मी कोणाला काही दिलं नाही. गाडीच कधी थांबवली नाही कोणासाठी."

"कधीच नाही?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "एकदा. एक बाई होती रस्त्याच्या कडेला, अडलेली. नवरा हात करत होता. घेतलं केबिनमधे. पण ते काही धरू नका. सगळी सीट खराब झाली, मी वाटभर शिव्या घातल्या तिला."

"पोचवलंस ना?"

"पोचवलं. मुलगा झाला म्हणे."

मामा स्टुलावरून उठलाच. "अरे मग हेच सांग तिथे! हेच सांगायचं!"

"शिव्या घातल्या तेही?"

"तेही सांग. खरं वाटेल."

ड्रायव्हर हसला. आवाज फुटला नाही, खांदे तेवढे हलले.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मेट्रनचा फोन आला. मामानं कात्री कापडातच ठेवली आणि निघाला. दवाखान्याच्या ऑफिसात कारकून म्हणाला, वारस नाही, पालिकेची गाडी येईल. मामा म्हणाला, "मी नेतो." कारकुनानं फॉर्म पुढे ओढला.

"मयताशी नातं?"

"शिंपी."

"मास्तर, शिंपी हे नातं नाही."

मामानं जरा विचार केला. "मग भाऊ लिहा."

त्याला अंघोळ मामानं आणि वॉर्डबॉयनं मिळून घातली. राखाडी पँट इस्त्री करून मामानंच चढवली, पट्टा लावला, भांग पाडला. देवळामागच्या दफनभूमीत आम्ही सहा-सात जण होतो. माती टाकताना मामा रडला. मामीच्या वेळेला फारसा न रडलेला माणूस त्या दिवशी गुडघ्यावर बसून रडला. फादरनी त्याला उठवलं नाही, शेजारी उभे राहिले.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, दुकानाच्या पायरीशी एक बाई उभी राहिली. हातात तीन पत्रं. घर बदललं होतं, म्हणाली. पत्रं जुन्या शेजाऱ्यांकडे साठून राहिली होती, सुट्टीत ती तिकडे गेली तेव्हा एकदम मिळाली.

"मला उशीर झाला का?" तिनं विचारलं.

मामानं गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला आणि तिला खुर्ची पुढे केली. त्यातच तिला कळलं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का?"

मामानं खोटं सांगितलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. माफ कर म्हणाला, तुझं नाव घेतलं शेवटी, असलं काहीतरी. पण तो म्हणाला, "मी गेलो की दर वेळी विचारायचा, हल्ली टपाल लवकर येतं का. दुसरं काही नाही. दर वेळी विचारायचा." मग त्यानं तिला अडलेल्या बाईची गोष्ट सांगितली, शिव्यांसकट. ती रडता रडता हसली. वडिलांच्या तोंडच्या शिव्या तिला नक्की ऐकू आल्या असणार. मग मामा तिला कबरीवर घेऊन गेला. त्या रात्री ती मामीच्या खोलीत राहिली आणि सकाळच्या गाडीनं गेली. अजून वर्षातून एकदा येते. मामा तिला 'पोरी' म्हणतो.

आता मामा अठ्ठ्याहत्तरचा आहे. सुईत दोरा मी ओवून देते. पँटी मीच शिवते, तो शेजारी बसून चुका काढतो. गुरुवारी आम्ही दोघं जातो, रिक्षानं. गेल्या महिन्यात रिक्षात मी त्याला विचारलं, "मामा, अजून भीती वाटते का रे? त्या दोन बाजूंची?"

तो बाहेर बघत होता. "हल्ली लक्षातच राहत नाही," म्हणाला. "तिथे गेलं की कामात वेळ जातो."

मला वाटलं, संपलं बोलणं. पण थोड्या वेळानं म्हणाला, "आठवण मात्र कमी नाही झाली गं. उलट वाढली. पूर्वी नुसती ती हवी होती. आता तिला सांगायला माझ्याकडे इतकं साठलंय. आज कोण जेवलं, कोणी तोंड फिरवलं, कोणाच्या पायाची सूज उतरली. तूही येतेस, तुला सांगतो, पण तुला घरी मुलंबाळं आहेत. हे सगळं फक्त तिलाच कळलं असतं. बावीस वर्षं ती घरी येऊन एकटीच गप्प बसली असेल. मी ट्रायल आहे म्हणायचो."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो धरू दिला.

दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबली. वॉर्डात सध्या दाराजवळच्या खाटेवर एक आंधळी बाई आहे. कोणाशी बोलत नाही, पण मामाची काठी वाजली की हात पुढे करते. मामा खाटेच्या कडेला टेकला आणि त्यानं पिशवीतून कंगवा काढला.